मस्कतला गेलेली कॅसेट

वहिनी,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. दोनच बोललो असतो तर निभावलं असतं. मी पंधरा मिनिटं बोललो आणि तेवढ्यात तीन चुका केल्या. तुमच्या माहेरचं गाव चुकवलं. तुमचं वय चार वर्षांनी वाढवलं. आणि शेवटी म्हणालो, "वहिनी फार मितभाषी होत्या."

पहिल्या दोन चुका लोकांनी सोडून दिल्या. तिसरीला बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. रडून डोळे सुजलेल्या बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. नळाच्या पाण्यासाठी साहेबाला खुर्चीतून उठवून मोहल्ल्यात आणणाऱ्या बाईला मी मितभाषी ठरवून मोकळा झालो होतो. तुमची छाया मागून हळूच म्हणाली, "काका, मायबद्दलच बोलून राहिले न?"

तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, आणि पुढचा महिनाभर मला त्याच नावानं हाक मारली असती. "या मितभाषी, चहा घ्या."

पण तो शब्द उगाच आला नव्हता. समोर श्रावण बसला होता. मस्कतहून नऊ दिवस उशिरा पोचलेला, कोणाकडे न बघणारा. त्याच्याकडे नजर गेली आणि तो शब्द तोंडातून निघाला. कारण श्रावणच्या लेखी गेली चार वर्षं तुम्ही खरंच गप्प होता. आणि ते माझ्यामुळे. तुम्ही होता तोवर हे सांगायचं धाडस मला झालं नाही. आता सांगतो. मध्येच थांबवू नका, तुमची तशी सवय आहे.

श्रावण तुमचा नवरा झाला त्याच्या कितीतरी आधी माझ्या बाकावरचा सोबती होता. पुढे तो सौंसरच्या बाजारामागे वेल्डिंगच्या दुकानात लागला, मी मास्तर झालो. तुम्ही लग्न होऊन आलात, मला भाऊजी म्हणू लागलात आणि पहिल्याच महिन्यात विचारलंत, "भाऊजी, तुमी पोट्ट्यायले शिकवता का नुसतं सांगता?" मी तेव्हा हसलो होतो.  अजून विचार करतो आहे.

तो मस्कतला निघाला त्या दिवशी आपण तिघं पांढुर्ण्याला गाडीवर गेलो होतो. छाया तुमच्या बोटाला. मी फलाटावर त्याला देश, माती, माणसं यावर जे सांगत सुटलो ते थेट पंधरा ऑगस्टच्या भाषणातलं होतं. श्रावण दारातून ओरडला, "मास्तर, ते मंग सांगजो, छागल भरून आन न बे!" मी त्याची पाण्याची छागल घेऊन नळाकडे धावलो. नळावर रांग. भरून परत आलो तर गाडीचा शेवटचा डबा दिसत होता. माणूस परदेशी निघाला आणि मी त्याचं पाणी हातात घेऊन उभा. तुम्ही रडत होता, माझ्याकडे पाहून हसायला लागलात आणि म्हणालात, "आना इकडं. पोरीले तहान लागली."

मस्कत असो, कुवेत असो, आपल्याकडे सगळं दुबईच. "श्रावण दुबईले गेला," एवढंच गावाला कळलं. मी शाळेतला नकाशा घरी आणून तुम्हाला मस्कत दाखवलं. मधल्या निळ्या भागावरून तुम्ही बोट फिरवलंत.

"हे सगळं पानी होय?"

"हो."

"अन् तिकडं प्याले पानी नाही म्हन्ते."

यावर भूगोलाच्या पुस्तकात काही नव्हतं.

त्यानं परत यावं, असं मी तुमच्यापुढे सारखं म्हणत असे. आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचो, नागपूरला काम मिळेल, अर्धी भाकर खाल्ली तरी माणूस घरात हवा. तुम्ही ऐकून घ्यायच्या आणि भाजी चिरत राहायच्या. एकदा मात्र सुरी खाली ठेवलीत. म्हणालात, "भाऊजी, तुमच्या घरी ओसरीतल्या फळीवर एक कपबशी राहे. वरून निळी रेघ. ते कोनाची होती?"

मला वाटायचं, श्रावणला ते कळत नाही. आईनं त्याच्यासाठी कप वेगळा ठेवला होता, चहा झाला की तो स्वतःच धुऊन पालथा घालायचा, आणि मी समोर बसून गप्पा मारायचो. एकदा मोठ्या तोऱ्यात मी त्याच कपातून चहा प्यायलो. क्रांती केल्याच्या थाटात आईकडे पाहिलं. आईनं पुढचे चार दिवस मलाही त्याच कपात चहा दिला. माझी क्रांती तिथंच संपली, मी गुपचूप आपल्या कपावर परत आलो. तो नाही आला, त्याला दुसरा कप नव्हताच.

त्याचं पहिलं पत्र आलं त्यात हेच होतं. मीच वाचून दाखवलं होतं तुम्हाला. शंभर माणसांना पाण्याचं एकच पिंप, त्याला साखळीनं बांधलेला एकच गिलास, आणि कोणी कोणाला तू कोण म्हणून विचारत नाही. पुढं लिहिलं होतं, "इथं सगळे एकाच जातीचे, मजूर. पासपोर्ट कंपनीपाशी ठेवून घेतला आहे." तुम्ही पहिलं वाक्य दोनदा वाचायला लावलंत. दुसऱ्यावर म्हणालात, "म्हंजे तिथंबी फळी आहेच. फक्त सगळ्यायचे कप एकाच फळीवर."

मी अजूनही म्हणतो, माणूस घरात हवा होता. तुम्ही अजूनही म्हणाल, कोणत्या घरात? हा वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात, वहिनी.

तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि तेही मोडत मोडत. वाचता यायचं, पण अक्षर अक्षर लावून; तेवढ्यात दूध उतू जायचं. म्हणून पत्रं मी वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. तुम्ही सांगायच्या, "म्हना, बकरी व्याली, दोन पाटी झाल्या." मी लिहायचो, "आपल्या गृही अजामातेस दोन कन्यारत्ने प्राप्त झाली." मला वाटायचं, एवढ्या दूर पत्र जायचं तर भाषेला जरा इस्त्री हवी. तिसऱ्या पत्राला श्रावणचं उत्तर आलं, "मास्तरले सांग, मले समजेल असं लिहीत जा. इथला केरळचा एक जोडीदार मले विचारते, बायकोनं कोर्टाचा कागद पाठवला का?" ते मी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, माझाच अपमान माझ्याच तोंडानं. तुम्ही पाटावर बसल्या बसल्या एवढ्या हसलात की शेजारची बाई पाहायला आली.

मग पहिल्या सुट्टीत त्यानं टेपरेकॉर्डर आणला. काळा, दोन स्पीकरचा. तेव्हापासून त्याच्या कॅसेटी येऊ लागल्या. कोणी सुट्टीवर येणारा घेऊन यायचा. मस्कतच्या खोलीतल्या पंख्याची घरघर, मागं कोणी मल्याळीत भांडतंय, आणि मध्ये श्रावण, "मी मजेत आहे, तुमी मजेत राहा." इकडून कॅसेट भरून पाठवायची तर यंत्र चालवायला माणूस हवा. तो मी. विज्ञानाचा मास्तर. आता जे सांगणार आहे त्या आठवड्यात वर्गात धडा कोणता चालू होता माहीत आहे? 'ध्वनी: निर्मिती आणि प्रसार.'

चार वर्षांपूर्वीचा तो दिवस आता सांगतो.

छायाची अकरावी, शाळेची शेवटची परीक्षा, झाली होती, चांगल्या मार्कांनी. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म भरून ठेवला होता, त्यावर वडिलांची हो हवी होती. तिकडून श्रावणनं कॅसेटवर वेगळंच कळवलं. त्याच्या कँपातल्या एका दोस्ताचा धाकटा भाऊ, मूळ लोधीखेड्याचा, तोही मस्कतला लागलेला. पोरगा निर्व्यसनी. श्रावणनं शब्द देऊन टाकला होता. सुट्टीवर येईल तेव्हा लग्न लावून देऊ, नर्सिंग-फर्सिंगची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. मी दोन पत्रं लिहिली, साध्या भाषेत. उत्तर एकच, "मी बोललो आहे, आता मागं घेतलं तर तोंड दाखवता येणार नाही." छायानं दोन दिवस जेवण टाकलं. तुम्ही तिला रागावलात, आणि मला म्हणालात, "भाऊजी, लिहून होत नाही. आता मीच बोलतो."

तोवर तुम्ही कॅसेटवर कधीच बोलला नव्हता. छाया बोलायची, मी बोलायचो, बकरीसुद्धा एकदा बोलली होती. तुम्ही त्या यंत्रासमोर पदर सारखा करून बसायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या.

बोरगावचा एक फिटर त्या दुपारी मस्कतला निघणार होता. सौंसरहून बसनं पांढुर्णा, तिथून गाडीनं मुंबई. मी कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं, चक्र फिरायला लागलं, म्हटलं, "बोला." तुम्ही म्हणालात, "तुमी बाहेर बसा." सभ्य माणूस चौकापर्यंत चक्कर मारून आला असता. मी ओसरीत दाराला पाठ टेकून बसलो, आणि ऐकलं. सगळं.

"ऐकू येऊन राहिलं का? मी होय, अनुसया." मग कितीतरी वेळ काहीच नाही. बहुतेक तो उत्तर देईल म्हणून तुम्ही थांबला होता. नंतर सुरू झालात ते थांबलाच नाहीत. "पोरीले मी देत नाही. पोरगा चांगला असन, मी त्याले नावं ठेवत नाही. पन तोबी तिकडंच राहीन, अन् मायी छाया इथं दरवाज्याकडं पाहत बसन. दोन वर्सातून दीड महिना नवरा. मी बसली. मायं निभून गेलं. तिले नोका बसवू. ते आपल्या पायावर उभी राहो, मंग तिले ज्याच्यासंगं राहाचं त्याच्यासंगं राहो, ज्या मुलखात राहाचं त्या मुलखात राहो. पन आपल्या मनानं जाईन. कोनाच्या मांगं रायनार नाही."

त्यापुढंही तुम्ही बोललात. ते पुढं सांगतो.

तुम्ही चेहरा धुऊन बाहेर आलात. "झालं. बंद करा." मी आत गेलो. वाकून पाहतो तर काळं बटण एकटंच खाली. लाल बटण वर. दोन्ही एकदम दाबायची असतात, हे मी तुम्हाला तीनदा समजावून सांगितलं होतं. तुम्ही अर्धा तास बोलला होता, आणि कॅसेट नुसतीच फिरली होती. त्यात काहीही उतरलं नव्हतं.

मी तसाच वाकून उभा. तुम्ही मागून म्हणालात, "भाऊजी, लय हलकं वाटून राहिलं. असं बोलनं मले परत नाही जमाचं."

हे वाक्य तुम्ही म्हटलं नसतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं की मला लाज वाटली. बस सुटायला पाव तास होता. मी कॅसेट डबीत घातली, वर कापड शिवलं, श्रावणचं नाव घातलं आणि धावत जाऊन फिटरच्या हातात दिली. मनात हिशेब हा, की श्रावण कळवेल, कॅसेट कोरी निघाली, पुन्हा पाठवा. मग मी कान पकडीन, तुम्ही दोन शिव्या द्याल, पुन्हा भरू.

पण नवऱ्याला कोरी कॅसेट मिळाली तर तो यंत्राला दोष देईल असं समजणारा मी एकटाच शहाणा.

महिन्यानं पत्र आलं. उभ्या उभ्या वाचून दाखवलं मी तुम्हाला, "छायाचं लग्न राहू दे. इकडे मी त्यांना नाही म्हणून कळवलं. तिला नर्सिंगला पाठव. यंदा सुट्टीवर येत नाही, आणखी दोन वर्षांची सही केली आहे." त्याखाली एक ओळ आणखी होती. ती मी वाचली नाही. "तू माझ्याशी असा अबोला धरशील असं वाटलं नव्हतं."

छायानं उडी मारली. तुम्ही भिंतीला टेकून बसलात. मला आठवतं, तुमच्या तोंडावर आधी आनंद आला, मग 'दोन वर्षं' पोचली. थोड्या वेळानं तुम्हीच म्हणालात, "पोरीच्या शिकन्यासाठी करत असतीन." माझ्याकडे पाहिलंत. मी मान हलवली. वहिनी, ती मान मी आजही खांद्यावर घेऊन फिरतो.

आणि मग तुम्ही म्हणालात, "पाहा भाऊजी, बोललं का ऐकते मानूस. मी उगाच इतके वर्सं तोंड शिवून होती."

त्या दिवसापासून तुम्ही जे बोलायला लागलात! बँकेत बाबूनं अंगठ्याची गादी पुढं सरकवली तर म्हणालात, "पेन द्या, मले सही येते," आणि रांग थांबवून अक्षर अक्षर सही केलीत. गवंडी घराचा स्लॅब टाकताना सिमेंट कमी घालतो म्हणून त्याच्या शिडीखाली खुर्ची टाकून बसलात. छायाला नागपूरला सोडायला एकट्या गेलात आणि वसतिगृहाच्या बाईंशी भांडून खिडकीजवळची खाट मिळवून आलात. दुसऱ्या बायका तुमच्याकडे यायला लागल्या, ज्यांची माणसं तिकडे होती. तुम्ही सांगायच्या, "लिहून नोको पाठवू व. बोलून पाठव. ऐकतेत." मग त्या माझ्याकडे यायच्या. मी दोन्ही बटणं दाबायचो, दहादा तपासायचो, एकेक शब्द स्वच्छ उतरवायचो. आणि एकीचंही काम झालं नाही. एकीच्या नवऱ्यानं तर उलट कॅसेट भरून पाठवली, दोन्ही बाजूंनी, ती आम्हाला पोरांसमोर वाजवता येईना.

मी कसं सांगणार होतो तुम्हाला, की तुमचं कोणी ऐकलंच नव्हतं? तुम्ही ज्याच्यावर उभ्या होता तो दगडच मी काढून घ्यायचा? असं मी म्हणायचो स्वतःला. थोडं तुमच्यासाठी, बरंचसं माझ्यासाठी.

दोन वर्षांनी श्रावण सुट्टीवर आला. मला वाटलं, आता फुटणार. दीड महिना मी तुमच्या घरी चहाला बिचकत आलो. काही फुटलं नाही. तो जरा अंतर राखून वागत होता, तुम्ही त्याच्या ताटाभोवती फिरत होता. आणि तो परत गेला.

मग यंदा तुमचा तो ताप. छाया नागपूरहून आली, नर्सच्या हातानं तुमची नाडी धरून बसली. तिसऱ्या दिवशी तिनंच तुमचे डोळे मिटले. तार मी केली. तिकडे पासपोर्ट सोडवून, सही घेऊन, विमानात जागा मिळवून श्रावण पोचला तेव्हा तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले होते. कंपनीनं आठ दिवसांची रजा दिली होती.

रविवारी मांडव सोडत होते. माझं ते मितभाषी भाषण होऊन गेलेलं. श्रावण मला बाजूला घेऊन गेला, सतरंज्यांच्या ढिगावर बसला.

"मास्तर, एक विचारू? तू रोज या घरात येत-जात होता. माया काय कसूर झाल्ता बे?"

"कसला कसूर?"

"तिनं एकखेपी मले कॅसेट पाठवली होती. कोरी. पुरी कोरी. मी पयले समजलो पुढं असन. दोन्हीकडून ऐकली. चार दिवस ऐकली. खोलीतले लोक म्हने, घरवाली लय गुस्सा आहे रे तुयावर, शब्द बोलली नाही. मी घाबरलो ना बे. शिव्या देल्ल्या असत्या तं चाललं असतं. लगन मोडलं मी त्याच दिवशी. दोस्त तुटला माया. अन् सुट्टी रद्द केली. म्हटलं, तिले मायं तोंडच पाहाचं नाही तं कायले जाऊ?"

श्रावण सतरंजीची घडी नीट करत पुढं म्हणाला,

"आलो तवा विचारीन म्हटलं. तं ते आपनच म्हने, 'मी जे म्हटलं ते तुमी ऐकलं, बरं झालं.' मी समजलो टोमना मारून राहिली. मंग नाही विचारलं."

मी सांगितलं, वहिनी. लाल बटण, काळं बटण, पाव तास, बस, न वाचलेली ओळ, सगळं. मग तुम्ही काय बोलला होता ते सांगितलं. छायाचं सांगितलं, आणि त्यापुढचं, जे त्याच्या एकट्यासाठी होतं आणि फक्त मी दाराआड बसून ऐकलं होतं, तेही.

तुम्ही म्हणाला होता, "तुमी आलते तं आठ दिवस मले तुमची लाजच वाटे. पाव्हना आल्यावानी. तुमी जेवताना मीठ मांगतलं, अन् मी चुलीपाशी जाऊन रडली. तुमाले मीठ जास्त लागते हे मी इसरूनच गेल्ती. सात जन्माचं याद ठेवाचं अन् मीठ इसरून जाचं, हे काही बराबर नाही." मग तुम्ही म्हणाला होता, "या म्हनत नाही मी. या म्हटलं तं तुमी यान, अन् जनमभर म्हनान, तिनं बोलावलं म्हून आलो. तुमाले वाटन तवा या. पन वाटू द्या."

श्रावण उठला. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तर मी हात जोडून खाल्लं असतं. "मंग मी ते दोन वर्सं कायले राहिलो बे?" एवढंच म्हणाला आणि सतरंज्या उचलून आत घेऊन गेला.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. समोरून गेला तरी नाही. तीनच दिवस, वहिनी, आणि मला घास जाईना. त्यानं चार वर्षं काढली होती.

बुधवारी सकाळी मी शाळेला निघालो होतो, तो फाटकाशी उभा. म्हणाला, "परत सांग." मी सांगितलं. सांगताना जरा रंगलो, तर मध्येच म्हणाला, "हे त्या दिवशी नव्हतं. तुयं तुयापाशी ठेव." मग मी फक्त तुमचं सांगितलं. ऐकून तो फाटकाची कडी वरखाली करत राहिला.

"तू बटन बराबर दाबलं असतं तं काय झालं असतं सांगू? मी रडलो असतो. मीठ-फीठ ऐकून पयल्या विमानानं आलो असतो. अन् येऊन पोरीचं लगन लावून देल्लं असतं. मले मी मालूम आहे. बायकोचं बोलनं मी ऐकून घेत जातो अन् मंग आपलंच करतो. तिच्या गप्प राहन्याले भेलो, म्हून छाया शिकली."

"मग मी बरं केलं की वाईट?"

"ते मले नोको विचारू. मी तुले माफ-बिफ काही केलं नाही."

मला तेवढ्यानंही बरं वाटलं. तो बोलत तर होता. आणि बरं वाटलं की मी मूर्खपणा करतोच. म्हटलं, "श्रावण, ती कॅसेट असेल तर दे. मला वहिनींचा शब्द न् शब्द पाठ आहे, मी त्यात बोलून देतो." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही पाहायच्या.

"तुया आवाजात? 'अहो, मीठ' म्हनशीन का तू मले? राहू दे. तिचं होतं ते तिच्यासंगं गेलं."

आणि हसला, वहिनी. आल्यापासून पहिल्यांदा. मग फाटकाला डोकं टेकवून रडला. मी बाजूला उभा राहिलो. या वेळी खरंच दूर, चौकापर्यंत.

आज सकाळी त्याला पांढुर्ण्याला गाडीत बसवून आलो. छाया होती. ती आता नागपूरच्या दवाखान्यात लागली आहे, आणि तिलाही तिकडच्या दवाखान्यांचं बोलावणं येऊ शकतं, तिच्या दोन मैत्रिणी गेल्यासुद्धा. तिनं बापाला विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, "तुया मायनं सांगून ठेवलं आहे, आपल्या मनानं जाशीन तं जाय." छायाला हे नवीन होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ही मान खरी होती.

गाडी सुटायला वेळ होता. मी भाषण केलं नाही. श्रावण खिडकीत बसून म्हणाला, "जाऊन कागद सोडवतो, पासपोर्ट घेतो. दिवाळीच्या आत येतो. कायमचा. तू इतके वर्सं म्हनून राहिला म्हून नाही, पोरीसाठी नाही, कोनी बोलावलं म्हूनबी नाही. मले वाटून राहिलं म्हून येऊन राहिलो." मग इंजिनाकडे बघत म्हणाला, "पन हे आता कोनाले सांगू?"

मी म्हटलं, "मी कळवतो."

म्हणून घरी आलो तो थेट हे लिहायला बसलो. तो येऊन राहिला, वहिनी. त्याला वाटलं म्हणून.